होस्टेलच्या खोलीत ध्यान कसं करावं: रोजच्या वीस मिनिटांचा आराखडा

सबमिशनचा आठवडा चालू आहे, दोन जर्नल अपुरी आहेत, ओरलची तारीख लागली आहे. घरून फोन आला की "हो, सगळं ठीक आहे" एवढंच तोंडातून निघतं. अशा वेळी कोणीतरी सांगतं, "ध्यान कर, बरं वाटेल." मग कॉटवर मांडी घालून, डोळे मिटून बसायचा प्रयत्न होतो. तीन मिनिटांत डोक्यात गर्दी होते, पाठ भरून येते, डुलकी लागते आणि "आपल्याला हे जमायचं नाही" असा निकाल लागतो. बहुतेकांचं ध्यान इथेच सुटतं. त्यात त्यांचा दोष नसतो, चुकतो तो क्रम. दिवसभर लॅपटॉपवर वाकलेलं शरीर आणि वरवर चाललेला श्वास तसाच ठेवून थेट मनाला हात घातला, तर मन बसणार कसं? म्हणून योगात आधी बैठक, मग श्वास आणि त्यानंतर ध्यान.

मन किती चंचल आहे ही अर्जुनाची तक्रार ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात येते. तिथेच मनाचा एक चांगला गुणही सांगितला आहे. जिथे गोडी दिसते तिथे ते सोकावतं, म्हणून त्याला अनुभवाचं सुख कौतुकाने दाखवत जावं. 'सोकावणं' हा शब्द आपण एरवी वाईट अर्थाने वापरतो, पण इथे तेच भांडवल आहे. खालचा सगळा आराखडा त्यावरच बेतला आहे. रोज थोडा वेळ बसायचं आणि कंटाळा यायच्या आत उठायचं. पहिल्याच दिवशी पाऊण तास बसून पाय बधिर करून घेतले, तर मन तिथे पुन्हा जायला कशाला राजी होईल?

वेळ आणि जागा

पोट रिकामं किंवा हलकं हवं. मेसच्या जेवणानंतर किमान दोन तास आणि चहा-बिस्किटांनंतर अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. सकाळी आंघोळीच्या रांगेआधीची वेळ उत्तम. सकाळचं प्रॅक्टिकल असेल, तर संध्याकाळी कॉलेजहून आल्यावर हातपाय धुऊन बसा. दोन्हींपैकी एक वेळ ठरवा आणि सहा आठवडे बदलू नका. कारण ठरलेल्या वेळी भूक लागते तशी बसण्याची सवयही शरीराला घड्याळाने लागते. कडक चहा-कॉफी पिऊन लगेच बसलात तर छातीतली धडधड ध्यानात मोठी वाटते, आणि ती चहाची आहे की काळजीची, हे कळत नाही.

होस्टेलमध्ये शांतता मिळत नाही, हे गृहीत धरूनच चला. शेजारच्या खोलीतली गाणी, नळाचा आवाज, दारावरची थाप हे सगळं असणारच. रूममेटला एकदा सरळ सांगून ठेवा, "पावणेसात ते सात पाच मी बसतो, तेवढं बोलू नकोस." इतकं बहुतेक जण पाळतात. गच्ची उघडी असेल तर फारच छान. मोबाइल फ्लाइट मोडवर टाका, वीस मिनिटांनी वाजेल असा मंद टोन लावा आणि मोबाइल हात पोचणार नाही इतक्या दूर, पाठीमागे ठेवा. समोर पालथा ठेवलेला मोबाइलसुद्धा लक्ष ओढत राहतो.

बैठक

होस्टेलच्या कॉटची गादी मधे खचलेली असते. तिच्यावर कंबर मागे कलते, पाठ गोल होते आणि दहा मिनिटांत खांदे दुखतात. म्हणून जमिनीवर सतरंजी घाला. तिच्यावर जाड चादर किंवा ब्लँकेट घडी करून चार-पाच बोटं उंच ठेवा आणि त्या घडीच्या पुढच्या काठावर बसा, मधोमध नाही. अशाने गुडघे कमरेपेक्षा खाली जातात आणि पाठ आपोआप सरळ होते. गुडघे हवेत राहत असतील तर घडी आणखी दोन बोटं वाढवा. पद्मासनाचा हट्ट नको, साधी मांडी किंवा स्वस्तिकासन पुरे. योगसूत्रं रचणाऱ्या पतंजलींनी आसनाची अट एवढीच घातली आहे: स्थिर आणि सुखकर.

गुडघा दुखत असेल तर खुर्चीवर बसा. पाठ न टेकता पुढच्या अर्ध्या भागात बसा आणि दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकवा. पाय पोचत नसतील तर खाली एखादं जाडजूड पुस्तक ठेवा. हनुवटी जरा आत, जीभ सैल, दात एकमेकांवर न दाबलेले. परीक्षेच्या दिवसांत जबडा आवळलेला असतो आणि ते लक्षातही येत नाही.

पायाला मुंग्या येतात त्या मांडीखालच्या नसेवर दाब पडल्याने. त्या आल्या की सावकाश पाय बदला, सहन करत बसू नका. बधिर पायावर एकदम उभं राहिलं तर मात्र पाय मुरगळतो.

शरीराची पाच मिनिटं

यात घाम गाळायचा नाही. मणका आणि खांदे मोकळे झाले की काम झालं. उभं राहून ताडासन तीन वेळा करा: श्वास घेत हात वर, टाचा उचला, दोन-तीन सेकंद थांबा, सोडत खाली. नंतर खांदे पाच वेळा पुढून आणि पाच वेळा मागून गोल फिरवा. मग गुडघे-हातांवर येऊन मार्जारासनाची आठ आवर्तनं करा. श्वास घेताना पाठ खाली आणि छाती पुढे, सोडताना पाठ वर गोल. शेवटी वज्रासनात, म्हणजे गुडघे दुमडून टाचांवर बसून, पुढे वाकत शशांकासन, कपाळ जमिनीवर किंवा उशीवर, सावकाश दहा श्वास. रक्तदाब किंवा डोळ्यांच्या दाबाचा त्रास असेल तर डोकं खाली नेणारं हे आसन टाळा.

श्वासाची पाच मिनिटं

आधी एक गोष्ट स्वतःच तपासून पाहा. डाव्या मनगटावर अंगठ्याच्या खाली उजव्या हाताची तीन बोटं ठेवून नाडी शोधा. ती सापडली की श्वास सावकाश आत घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. असे पाच-सहा श्वास झाले की फरक बोटांना कळतो. श्वास आत येताना ठोके थोडे जवळजवळ पडतात, बाहेर जाताना लांबतात. तरुण वयात हा फरक चांगला स्पष्ट असतो. व्हेगस नावाचा मज्जातंतू हृदयाला लगाम घालतो. श्वास सोडताना त्याचा ताबा वाढतो, घेताना थोडा सुटतो. म्हणून घाबरलेल्या माणसाला "मोठा श्वास घे" हा सल्ला अर्धाच कामाचा. त्याला खरं तर सांगायला हवं की श्वास लांब सोड.

पहिलं मिनिट श्वासात काहीच बदल न करता तो फक्त पाहा. मग चार अंक मोजत नाकाने श्वास घ्या आणि सहा अंक मोजत नाकानेच सोडा. अंक सेकंदाच्या चालीने मोजले की मिनिटाला सहा श्वास होतात, म्हणजे दोन मिनिटांत बारा. चार-सहा जड जात असेल तर तीन-पाच करा. धाप लागली तर मोजणी सोडून साधा श्वास घ्या. श्वास रोखणं, म्हणजे कुंभक, या टप्प्यावर अजिबात नको.

इथली नेहमीची चूक म्हणजे श्वास हळू करण्याऐवजी मोठा करणं. छाती फुगवून भराभर हवा घेतली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. मग गरगरतं, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात आणि "मला काहीतरी होतंय" अशी नवीच भीती उभी राहते. श्वास इतका मंद हवा की शेजारी बसलेल्याला तो ऐकू येऊ नये.

उरलेल्या दोन मिनिटांत भ्रामरी. अंगठ्यांनी कानाच्या छिद्रासमोरचा छोटा उंचवटा हलकेच दाबून कान बंद करा. श्वास घ्या आणि तोंड मिटून, दात विलग ठेवून, 'म्'चा गुंजारव करत सोडा. अशी सहा-सात आवर्तनं. आवाज जितका खालच्या पट्टीत, तितकं टाळूत आणि कपाळात कंपन नीट जाणवतं. रूममेट झोपला असेल तर अगदी बारीक आवाजातही चालतं. कानाला संसर्ग असेल तर कान न दाबता करा. अनुलोम-विलोम (एका नाकपुडीने श्वास घेऊन दुसरीने सोडणं) करत असाल, तर नाक चोंदलेलं असेल त्या दिवशी ते ओढूनताणून करू नका.

कपालभाती, म्हणजे पोटाला झटके देत नाकाने भराभर श्वास सोडणं, याबद्दल स्पष्ट सांगायला हवं, कारण अनेकांनी ती टीव्हीवर पाहून शेकड्यांनी ठोके मारायला सुरुवात केलेली असते. ती उत्तेजित करणारी क्रिया आहे. सकाळची सुस्ती घालवायला ती ठीक, पण काळजीने छाती धडधडत असताना किंवा रात्री झोपण्याआधी ती उलट काम करते. उच्च रक्तदाब, हृदयविकार, अपस्मार (फिट येणं), हर्निया, गर्भारपण किंवा पोटाचं नुकतंच झालेलं ऑपरेशन असेल तर ती करूच नये. पाळीच्या दिवसांतही ती सोडून द्या. साधा दीर्घ श्वास आणि बसणं त्या दिवसांत चालू ठेवायला हरकत नाही.

ध्यानाची सात मिनिटं

नाकपुडीच्या कडेला, वरच्या ओठाच्या वर, श्वासाचा स्पर्श होतो. आत येणारा थोडा गार, बाहेर जाणारा थोडा कोमट. लक्ष तिथे ठेवा. आता श्वास मोजून सोडायचा नाही, तो जसा येईल तसा येऊ द्या. फक्त प्रत्येक सोडलेल्या श्वासाला एक आकडा द्या, एक ते दहा, मग पुन्हा एक. आकडा चुकला की कुढायचं नाही, एकपासून सुरू करायचं. कधीतरी लक्षात येईल की आपण सतरावर पोचलो आहोत. म्हणजे मोजणी तोंडपाठ चालली होती आणि मन मेसच्या बिलात होतं. ते लक्षात येण्याचा क्षण सगळ्यात मोलाचा. व्यायामशाळेत वजन उचलणं जसं, तसं इथे भरकटलेल्या मनाला परत आणणं. सात मिनिटांत तीसदा परत आणलं असेल तर तीसदा व्यायाम झाला.

विचार ठरलेल्या चार-पाच जातींचेच असतात. आला की त्याला एका शब्दाने ओळखा: 'बेत', 'आठवण', 'काळजी', 'तुलना', 'भांडण'. एक शब्द, आणि परत नाकपुडीशी. कोणाचा मेसेज, निळी टिक दिसूनही उत्तर का नाही, या विचाराला 'काळजी' म्हणायचं की 'तुलना', यात अडकू नका. चुकीचं नाव दिलं तरी चालतं.

मोजणी रुक्ष वाटत असेल तर श्वास घेताना मनात 'सो' आणि सोडताना 'हम्' म्हणा. घरात नामस्मरणाची सवय असेल तर तेच नाम श्वासाला जोडा. पण रोज पद्धत बदलत राहू नका. दहा ठिकाणी हात-हात खणल्याने विहिरीला पाणी लागत नाही.

शेवटची तीन मिनिटं: 'टेन्शन' या शब्दाच्या आत

हा भाग बहुतेक जण गाळतात, आणि भावनांसाठी तोच सगळ्यात उपयोगी आहे. आपल्याकडे कॉलेजात प्रत्येक त्रासाला एकच शब्द झाला आहे, 'टेन्शन'. पेपरचं टेन्शन, घरचं टेन्शन, तिचं टेन्शन. पण या एका शब्दाखाली दहा वेगळ्या गोष्टी असतात आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा असतो. निकालाआधी होते ती धाकधूक. घरापासून लांब रविवारी संध्याकाळी दाटते ती हुरहूर. दोन पर्यायांमध्ये जीव अडकला की घालमेल. वडिलांनी कर्ज काढून फी भरली आणि आपला विषय राहिला, तर ती खंत, थोडी अपराधी वाटणारी. मित्राला आधी नोकरी लागली की मत्सर, आणि मत्सर वाटला म्हणून स्वतःचीच लाज. सगळं असूनही काहीच नसल्यासारखं वाटतं तो रितेपणा. मराठीत हे शब्द आहेत, ते वापरा.

लक्ष श्वासावरून काढून छाती, गळा, पोट असं फिरवा. कुठे आवळलंय, कुठे जड आहे, ते पाहा. धाकधूक पोटात असते, खंत बहुतेकदा गळ्यात दाटते. ती जागा सापडली की मनात म्हणा, "इथे खंत आहे." "मी वाईट आहे" असं म्हणायचं नाही, "खंत आहे" म्हणायचं. तिथेच तीन-चार लांब श्वास सोडा. तिला हाकलू नका आणि तिची गोष्टही उकलत बसू नका. नाव मिळालं की पुढचं पाऊल दिसतं. धाकधूक असेल तर उद्याच्या अभ्यासाचा एक तुकडा ठरवता येतो, हुरहूर असेल तर घरी फोन करता येतो. 'टेन्शन'ला असं काही करता येत नाही.

मत्सराबद्दल पतंजलींच्या एका सूत्राची मदत होते. मन प्रसन्न राहावं म्हणून त्यांनी चार वृत्ती सांगितल्या: सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, चांगलं वागणाऱ्याबद्दल आनंद म्हणजे मुदिता, आणि वाईट वागणाऱ्याबद्दल उपेक्षा. मैत्री सुखी माणसाशी करायला का सांगितली असेल? कारण मन आंबतं ते तिथेच. कॅम्पस प्लेसमेंटच्या दिवसांत रोज अर्धं मिनिट त्या मित्राचा चेहरा आठवून "त्याचं चांगलं होवो" एवढं म्हणा. पहिले काही दिवस ते कोरडं वाटेल, तरी म्हणत राहा. आणि उपेक्षा म्हणजे इथे तुच्छ लेखणं नव्हे. टोमणे मारणाऱ्याला डोक्यात फुकट जागा न देणं, इतकाच तिचा अर्थ.

संपलं की हाताचे तळवे चोळून डोळ्यांवर ठेवा, मग डोळे उघडा. लगेच मोबाइल घेऊ नका, दोन मिनिटं तरी.

रात्री झोप येत नसेल तर

अंथरुणात योगनिद्रा करा. आज प्रचलित असलेली तिची पद्धत मुंगेरच्या बिहार योग विद्यालयाचे संस्थापक स्वामी सत्यानंद सरस्वती यांनी न्यासाच्या, म्हणजे मंत्र म्हणत शरीराच्या एकेका भागावर लक्ष नेण्याच्या, जुन्या तांत्रिक परंपरेवरून बेतली. शवासनात उताणे पडा, पाय थोडे विलग, तळवे वर. लक्ष उजव्या अंगठ्यापासून सुरू करा. एकेक बोट, तळहात, मनगट, कोपर, खांदा, काख, कंबर, मांडी, गुडघा, पाऊल, पायाची बोटं. मग तेच डाव्या बाजूला. नंतर पाठ, पोट, छाती, गळा, चेहरा. एका जागी दोन सेकंदांपेक्षा जास्त रेंगाळू नका, रेंगाळलात की विचार शिरतात. योगनिद्रेत खरं तर जागं राहायचं असतं, पण रात्री मधेच झोप लागली तर लागू द्या.

परीक्षेच्या हॉलमध्ये

डोळे मिटू नका. दोन्ही तळपाय जमिनीवर दाबा, नजर बाकावरच्या एका ठिपक्यावर ठेवा आणि सहा लांब श्वास सोडा. मिनिटभराचं काम आहे. प्रश्नपत्रिका हातात आल्यावर आणि एखादा प्रश्न पाहून डोकं रिकामं झाल्यावरही हेच करा. मात्र याचा सराव आधी महिनाभर शांत वेळी झालेला हवा. हॉलमध्ये पहिल्यांदाच करून पाहिलं तर हाती काही लागत नाही.

काय बिघडतं

झोप येत असेल तर बहुतेकदा ध्यान चुकत नसतं, झोपच अपुरी असते. आधी रात्रीची झोप सात तासांवर आणा आणि तोवर डोळे अर्धे उघडे ठेवून बसा. कपाळ जड होत असेल तर भुवयांच्या मधे जोर लावून पाहणं चालू आहे, लक्ष नाकपुडीवर आणा. चौथ्या-पाचव्या दिवशी "विचार वाढलेत" असं वाटतं. ते वाढलेले नसतात, पहिल्यांदा दिसू लागलेले असतात. कधी अचानक रडू येतं. येऊ द्या, डोळे उघडा, पाणी प्या, त्या दिवशी तिथेच थांबा.

पण बसल्यावर दरवेळी भीती वाढत असेल, जुना आघात पुन्हा पुन्हा समोर येत असेल, स्वतःपासून किंवा भोवतालापासून तुटल्यासारखं वाटत असेल, तर डोळे मिटून बसणं बंद करा. चालणं, आसनं आणि लांब श्वास एवढंच ठेवा आणि जाणत्या माणसाशी बोला. दोन आठवडे सलग उदासी, झोप-भूक बिघडलेली, कशात रस नाही, नसलेले आवाज ऐकू येतात, किंवा जगू नये असं मनात येतं, तर हे ध्यानाने सोडवायचं काम नाही. कॉलेजच्या समुपदेशकांकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही बोलते. जगू नये असं वाटत असेल तर त्या क्षणी एकटे राहू नका, शेजारच्या खोलीचं दार वाजवा. गोळ्या चालू असतील तर ध्यान सुरू केलं म्हणून आपल्या मनाने त्या बंद करू नका. विद्यार्थ्यांवर झालेल्या अभ्यासांतून ध्यानाने ताण आणि काळजी काही प्रमाणात कमी होते असं दिसतं. उपचारांच्या जागी ध्यान पुरेल, असं त्यांतून निघत नाही.

सहा आठवडे

पहिला आठवडा आठच मिनिटं: शरीर दोन, श्वास तीन, मोजणी तीन. आणखी बसावंसं वाटलं तरी उठा, ती ओढ दुसऱ्या दिवशी उपयोगी पडते. दुसऱ्या आठवड्यात बारा, तिसऱ्यात सोळा मिनिटं. त्याच आठवड्यापासून भावनेचा भाग जोडा. चौथ्यापासून पूर्ण वीस.

वहीच्या शेवटच्या पानावर रोज एक ओळ लिहा: तारीख, मिनिटं, बसण्याआधी मन शून्य ते दहापैकी किती अस्वस्थ, उठल्यावर किती, आणि त्या दिवशीच्या भावनेचं नाव. 'टेन्शन' लिहायचं नाही. बसल्यावर किती शांत वाटलं यावर फार जाऊ नका. राग आल्यावर उतरायला किती वेळ लागला, पाठ टेकल्यावर झोप किती लवकर लागली, हे पाहा. फरक आधी तिथे दिसतो.

शक्य असेल तर काही दिवस शिक्षकांसमोर बसून बैठक आणि श्वास तपासून घ्या. श्री योगेंद्र यांनी १९१८ साली सुरू केलेली आणि आज सांताक्रूझला असलेली द योग इन्स्टिट्यूट, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला स्थापलेलं कैवल्यधाम, अशा संस्था महाराष्ट्रातच आहेत. कुवलयानंदांनी तर त्या काळात योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत मोजायला सुरुवात केली होती. गावातला एखादा जुना, संयमी योगशिक्षकही पुरेसा. पहिल्याच दिवशी कुंभक किंवा शेकडो ठोके करून घेणारा मात्र टाळा.

पीएलमध्ये (परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीत) किंवा दिवाळीच्या सुट्टीत घरी गेल्यावर खंड पडतोच. परत आल्यावर बुडलेले दिवस भरून काढायला तासभर बसू नका. तीन दिवस आठ मिनिटं, मग तीन दिवस बारा, मग पुन्हा वीस.